अर्धी वाटी

नाशिक
२४ जून १९८४

ती. वहिनीस,
सिंधूचा नमस्कार. हे पत्र आधी बसून वाच, आणि वाचून झाल्याशिवाय दादाला हाक मारू नकोस.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुंबईला गेलो होतो, ते फिरायला नव्हे. माझं पोटाचं ऑपरेशन झालं. आता मी घरी आहे, हिंडते-फिरते आहे, शाळाही सुरू झाली. तुला आधी कळवलं असतं तर तू नामपूरहून पहिली एस.टी. धरून आली असतीस आणि दवाखान्याच्या दारात आडवी पडली असतीस. तुझ्यापुढे माझं कधी काही चाललंय का?

वहिनी, माझं वजन एकशे आठ किलो झालं होतं. तू मला कायम 'अंगानं भरलेली' म्हणत आलीस, पण दोन जिने चढून सातवीच्या वर्गात पोचले की मला तोंडातून शब्द काढता येईना. पोरींकडे पाठ करून फळा पुसत उभी राहायची. त्यांना वाटायचं, बाई रागावल्यात. गुडघे गेले, रक्तात साखर निघाली. काकड्या खाऊन झाल्या, सोमवार-गुरुवार-शनिवार धरून झाले. शेवटी मुंबईत एक डॉक्टर सापडले. ते परदेशातून हे नवीन शिकून आलेत. जठराचा वरचा एवढासा भाग खाण्यासाठी ठेवतात आणि बाकीचा टाके घालून वेगळा करतात. आता माझ्या पोटात एका वेळी अर्धी वाटी मावते. आपली आमटीची वाटी असते ना, तिची अर्धी.

घास पार पीठ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. गोड आणि तेलकट वर्ज्य. दोन घास जास्त गेले की छातीत अडकतं आणि सगळं उलटून पडतं. हे महिना-दोन महिन्यांचं पथ्य नाही, जन्मभराचं आहे.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तू सोळा वर्षांची नवी नवरी. हळदीच्या हातांनी तू मला पहिला घास भरवलास, असं दादा सांगतो. म्हणून तर हे तुला सांगणं डॉक्टरांच्या सुरीपेक्षा अवघड वाटत होतं. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही.

तुझी,
सिंधू


नामपूर
२ जुलै १९८४

चि. सौ. सिंधूस,
चंद्रभागेचे आशीर्वाद. बसून वाचलं. वाचून उठताच येईना, म्हणून दादांना मग ओट्यावरूनच हाक मारली.

देवानं दिलेलं धडधाकट पोट कापून घेतलंस आणि मला पत्रानं कळवतेस? दोन दिवस मी चुलीपाशी भांडी आपटत होते. दादा म्हणाले, "आता झालं ना, पोर जिवंत शे ना, मग?" पुरुषांना बोलायला काय जातं.

रात्री पडल्यापडल्या एकच विचार डोक्यात फिरत होता. तू लहान असताना रडायला लागलीस की मी तुझ्या तोंडात काहीतरी घालायची. आई आठवली, घाल गुळाचा खडा. पडलीस, घाल शेंगदाण्याचा लाडू. मला दुसरं काय येत होतं गं? मी तरी कुठं मोठी होते? तुझं हे सगळं माझ्यामुळं झालं असेल तर तसं स्पष्ट लिही. मी ऐकून घेईन.

बरं, ते राहू दे. पोट फाडलेली बाई म्हणजे बाळंतीणच, मग कारण काहीही असो. तुझं बाळंतपण करायचं माझ्या नशिबात नव्हतं, तुझ्याही नव्हतं. ते मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात होतं. आता निदान एवढं तरी करू दे. उद्याच्या सकाळच्या गाडीनं डबा पाठवतेय. कंडक्टर आपल्या ओळखीचा आहे. रंगनाथरावांना स्टँडवर पाठव. डिंकाचे लाडू आहेत, हळिवाचे आहेत, तूप घरचं आहे. डॉक्टरांना काय कळतंय, त्यांनी कुठं बाळंतिणी सांभाळल्यात. पोट घट्ट बांधत जा आणि वाऱ्यात बसू नकोस.

तुझी वहिनी,
चंद्रभागा


नाशिक
१४ ऑक्टोबर १९८४

ती. वहिनीस,
सा. न. आधी हे लिहिते, म्हणजे तुझ्या जिवाचा घोर जाईल. तुझ्यामुळं काही झालं नाही. गुळाच्या खड्यानं कुणी एकशे आठ किलोचं होत नाही.

लाडू पोचले, संपलेसुद्धा. फार छान झाले होते. डबा परत पाठवतेय, रिकामा पाठवू नये म्हणून त्यात बेदाणे घातलेत.

इकडची गंमत ऐक. माझं वजन तीस किलोनं उतरलंय. ब्लाऊज सगळे उसवून शिवले, पाटल्या हातातून निसटतात. जिने एका दमात चढते. फळा पुसायला आता मला मुळीच वेळ लागत नाही! पण लोकांना हे बघवत नाही. शाळेतल्या एक बाई माझ्या जवळ बसत नाहीत, त्यांना वाटतं मला क्षय झालाय. शेजारच्या भागीबाईंनी तर यांनाच गाठलं आणि म्हणाल्या, "रंगनाथराव, बायकोला पोटभर जेवू घालत जा हो, लोक काय म्हणतील?" हे बिचारे खाली मान घालून भाजीची पिशवी घेऊन वर आले.

एकच गोष्ट जमत नाही. यांचं जेवण दहा मिनिटांत होतं. हात धुऊन ते बातम्या ऐकायला जातात. मी माझी अर्धी वाटी घेऊन आणखी अर्धा तास बसलेली असते. समोर रिकामं ताट आणि मी. असो, त्याचीही सवय होईल.

तुझी,
सिंधू


नामपूर
५ मे १९८५

सिंधूस आशीर्वाद.
आखाजीच्या सणाला आलीस, दोन रात्री राहिलीस, सगळ्यांना भेटलीस. तुला अशी शिडशिडीत बघून खरं सांगते, आधी धस्स झालं. पण मळ्यातल्या विहिरीपर्यंत तू माझ्या पुढे चालत गेलीस, तेव्हा बरं वाटलं. आजवर मी तुझ्यासाठी थांबत होते, आता तू माझ्यासाठी थांबलीस.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

पहाटे उठून मी खापर चुलीवर पालथं घातलं होतं. तुझ्या वाटणीचा मांडा मी हातावर सगळ्यात पातळ केला, पुरण बेतानं भरलं. पंगतीत तू बसून राहिलीस. सगळ्यांची जेवणं झाली तरी तुझ्यासाठी कुणाला उठता येईना. आत्याबाई तोंडावर म्हणाल्या, "काय व्हयनं माय तुले? जावई जेवाले देस नही का?" तू हसलीस. मग एकेक जण उठले, मी तुझ्यासाठी तूप आणायला आत गेले, परत आले तर तुझं ताट स्वच्छ! मला इतका आनंद झाला, की मी आत जाऊन डोळे पुसले.

संध्याकाळी गाईला पाणी दाखवायला गेले. गव्हाणीत कडब्याखाली मांडा होता. अख्खा, घडी घातलेला.

तू 'नको' म्हणाली असतीस तर मी काय तुला मारलं असतं? आत्याबाईंना चोरून टाकलास म्हणावं, तर त्या तेव्हा उठून गेल्या होत्या. तू मला चोरून टाकलास. गाईनं खाल्ला, अन्न वाया गेलं नाही, त्याचं मला काही नाही. पण मग तो लाडवांचा डबा कुणी खाल्ला, हेही आता मला विचारायचं नाही.

यापुढं डबा पाठवणार नाही. पत्र मात्र लिहीत जा.

चंद्रभागा


नाशिक
१६ जून १९८५

ती. वहिनी,
तुझं पत्र येऊन महिना झाला. चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा कागद फाडला.

लाडू मी शाळेत वाटले. एक ठेवला होता, तो रोज थोडा थोडा कुरतडत आठवडाभर पुरवला. पहिल्याच दिवशी अर्धा खाल्ला होता, तेव्हा दरदरून घाम फुटला आणि छाती धडधडायला लागली. गोड एकदम पोटात गेलं की असं होतं. तुला कळवलं नाही, कारण तुझ्या हातचं मला सोसत नाही हे वाक्य माझ्या हातून लिहवेना.

मांड्याचंही तेच. तू दारातून बघत होतीस. तुझे हात खांद्यापर्यंत पिठानं माखले होते आणि तुझं तोंड लहान मुलीसारखं झालं होतं. तू आत वळलीस आणि मी तो पदराखाली घेतला. मला माफ कर.

पण वहिनी, डबा बंद करू नकोस. गाडी येते आणि हे हातात काहीच न घेता स्टँडवरून परत येतात, तेव्हा माहेर तुटल्यासारखं वाटतं. एका वर्षात पोट सरावलंय, आता पूर्वीसारखा त्रास होत नाही. फक्त जरा मऊ पाठव, चावायला सोपं. थोडं थोडं करून मी खाईन. खोटं बोलणार नाही.

तुझी सिंधू


नामपूर
२८ जुलै १९८५

चि. सौ. सिंधूस अनेक आशीर्वाद.
तुझ्या पत्रानं माझा राग कुठल्या कुठं गेला. राग म्हणजे तरी काय, तोंड धुतलं की उतरतो तसला माझा.

अधिक महिना लागलाय. रंगनाथरावांचं धोंड्याचं वाण द्यायचंय, ते या डब्यात वरच्या कप्प्यात आहे. त्यांना म्हणावं, जावई माणसानं नाही म्हणायचं नसतं. खालचा कप्पा तुझा. मी पुष्कळ विचार केला. चावायला नको आणि छातीत अडकायला नको असं काय काय असतं? खव्याची वडी केलीय, तोंडात ठेवली की विरघळते. शिंगाड्याचा शिरा, तूप जास्त घालून. चमचा चमचा खात जा. आता दर पंधरवड्याला डबा येईल, नाही म्हणायचं नाही.

दादा म्हणतात, "अगं, डॉक्टरनं गोड बंद केलंय ना?" मी म्हटलं, तेव्हा ताजी जखम होती. आता पोर स्वतः मागतेय.

गाईला कालवड झालीय. तिचं नाव आम्ही सिंधू ठेवणार होतो, पण दादा म्हणाले, ती भांडेल.

तुझी वहिनी


नाशिक
८ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. वहिनींस,
रंगनाथचा सा. न. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. हे पत्र सिंधूला ठाऊक नाही.

तिचं वजन परत वाढतंय. निम्मं तर परत आलंच आहे. गुडघे दुखतात, साखर पुन्हा निघाली. मुंबईच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, जेवता किती? ती म्हणाली, अर्धी वाटी. ते खरंच आहे. पण दोन जेवणांच्या मध्ये काय खाता, म्हणाले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. डॉक्टर म्हणाले, "पोट मी लहान केलं, पण विरघळणारं गोड दिवसभर येत राहिलं तर ते त्यातून पाण्यासारखं निघून जातं, टाके त्याला अडवत नाहीत. दुसरं ऑपरेशन मी करणार नाही."

संध्याकाळी वह्या तपासताना ती तुमचा डबा शेजारी घेऊन बसते. चमचा चमचा खाते. मी एकदा म्हणालो, पुरे आता. तर रडायला लागली. म्हणाली, "भूक नाही हो मला, पण हा डबा उघडला की घरात कुणीतरी बसल्यासारखं वाटतं." मी तिथून उठून गेलो. जायला नको होतं.

ती तुम्हाला कधीच सांगणार नाही. तुम्हाला दुखवण्यापेक्षा ती स्वतःचं वाटोळं करून घेईल. माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. मी लिहिलं हे कृपा करून तिला सांगू नका.

आपला,
रंगनाथ


नामपूर
२२ मार्च १९८७

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद.
या खेपेचा डबा उघडशील तेव्हा घाबरू नकोस. तो रिकामा आहे. रिकामा डबा पाठवू नये हे मला कळतं, माझं अर्धं आयुष्य डबे भरण्यात गेलंय. मी रागावलेली नाही, रुसलेलीही नाही. मुद्दाम रिकामा पाठवलाय. यापुढं माझ्याकडून गोडाचा एक कणही येणार नाही. कारण विचारू नकोस. तुझ्या पत्रांत आजकाल जिन्यांचा उल्लेख नसतो, एवढं मला वाचता येतं.

एक बातमी. माझे दात काढले. सगळे. हलत होतेच, सटाण्याच्या डॉक्टरनं दोन खेपांत साफ केले. कवळी मिळालीय, पण ती टोचते, म्हणून ती फडताळात बसते आणि मी तिच्याशिवाय जेवते. भाकरी दुधात कुस्करायची, मऊ व्हायची वाट बघायची, मग हिरड्यांनी चघळत बसायचं. भूक भरपूर आहे गं, पण घास पुढं सरकत नाही. परवा लग्नाला गेलो होतो. सगळी पंगत उठली, पत्रावळी उचलायला पोरं आली आणि मी आपली वरणभातात बोटं घालून बसलेली. कुणी बाई म्हणाली, "आजी, लवकर आवरा." मला इतकं वाईट वाटलं की तशीच उठले, अर्धपोटी.

आणि तिथं हात धुताना तू आठवलीस. त्या आखाजीला तू अशीच बसली होतीस आणि मी दारात उभी राहून तू किती खाल्लंस तेवढंच बघत होते. तुझ्याजवळ येऊन बसावं, हे मला सुचलं नाही. तीन वर्षं तू एकटी बसतेयस. मी डब्यावर डबे पाठवत राहिले, आणि मला वाटलं मी तुला सांभाळतेय.

आखाजीला ये. एकच मांडा करीन. ताट मी वाढणार नाही, सुना वाढतील.

तुझी,
वहिनी


नाशिक
१० मे १९८७

प्रिय वहिनी,
पोचलो. गाडीत जागा मिळाली. दादानं दिलेली कांद्याची पिशवी यांनी मांडीवर घेऊन आणली.

तुला एक सांगायचंय. तुझ्या घरात मी वीस वर्षं वाढले आणि त्यानंतर दरवर्षी येतेय, पण तुला जेवताना मी कधी बघितलंच नव्हतं. तू वाढायचीस. सगळ्यांचं आटोपलं की चुलीपाशी पाठ करून काहीतरी खायचीस. तुला मांड्याची कडा आवडते, कडक भाजलेली, हे मला या आखाजीला कळलं. दात गेल्यावर कळलं, त्यामुळं ती तुला चोखावी लागली. मला हसू आलं आणि मग तुलाही. तेव्हा तोंडातला आमरस तुझ्या लुगड्यावर सांडला.

सगळे उठून गेले. दादा हात धुऊन, पान खाऊन, ओट्यावर एक डुलकी काढून परत आला आणि म्हणाला, "आजून चालूच शे का तुमनं?" तू त्याला म्हणालीस, "तुम्हाला काय घाई आहे? आमचं आम्ही बघू." एका मांड्याचे आपण दोन भाग केले, त्यातला माझा निम्मा तू परत घेतलास. मी जेवढा खाल्ला तेवढा सुखानं खाल्ला. छातीत अडकला नाही, आणि त्यानंतर दिवसभर मला काही तोंडात टाकावंसं वाटलं नाही. आजवर मी पोटाला विचारत होते, तुला काय हवं? ते बिचारं काही मागतच नव्हतं.

यांनी तुला पत्र लिहिलं होतं ना? तू नाही सांगितलंस. पण रिकामा डबा स्टँडवरून घेऊन आले तेव्हा यांचं तोंड असं झालं होतं, की मी काही विचारलंच नाही. आता माझं जेवण होईपर्यंत तेही बसतात. बातम्या सुटतात, पण बसतात.

दिवसभर मी बरी असते. संध्याकाळ अवघड जाते. वह्या पुढे असतात आणि हात आपोआप फडताळाकडे जातो. डॉक्टर म्हणाले, वाढलेलं उतरेल, पण सवय जायला वेळ लागेल, आणि कधीकधी परत येईल. मी त्यांना खोटं काही सांगितलं नाही. सगळं सांगितलं, चमच्यांसकट.

तुझा डबा परत पाठवतेय. रिकामा नाही. सराफ बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून दोन सारख्या लहान वाट्या आणल्या, त्यातली एक डब्यात आहे. दुसरी माझ्याकडे आहे. रोज दिवेलागणीला मी माझ्या वाटीत वरणभात घेऊन बसेन. तूही तेव्हाच बस, चुलीकडे पाठ करून नव्हे, चांगला पाट घेऊन बस. दूधभाकरी सावकाश भिजू दे. माझा घासही सावकाशच जातो.

कुणी लवकर आवर म्हणालं तर ऐकू नकोस. तुझं होईपर्यंत मी पाटावरून उठणार नाही.

तुझी,
सिंधू